पाठ भिजेपर्यंत

सोमवार

व्यायामाच्या बाईंनी एक कागद दिलाय. रोज किती चालले, हात कुठवर वर गेला, तेवढंच त्यावर लिहायचं. यांची बोटं अजून पेन धरत नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे. कागदाचे रकाने एवढे एवढेसे. त्यात माझं काय मावणार? म्हणून ही वही. शाळा मी फार पाहिली नाही, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणारं दुसरं आहे कोण?

तर, हे दवाखान्यातून घरी येऊन बरेच दिवस झाले. काचेच्या कारखान्यात भट्टीचं तोंड उघडताना झोत आला. पाठ फिरवली तोवर सदऱ्यानं पेट घेतला होता. पाठ, मान, दोन्ही दंड, छातीची एक बाजू, आग विझवताना हातांची बोटंही. मांडीची कातडी काढून पाठीला लावली. जखमा भरल्या. भरल्या म्हणजे भरल्या, आता बसून काय राहायचं? सकाळी खिडकीशी बसतात ते संध्याकाळी खिडकीशीच. गजासारखे.

काल मुकादम येऊन गेला. भट्टी विटा बदलायला थंड केलीय. उन्हाळा सरताना पुन्हा पेटणार. तोवर जागा धरून ठेवतो म्हणाला. "पण वहिनी, भट्टीसमोर उभं राहता आलं पाहिजे. नाहीतर मी गेटवर बसवतो त्याला."

गेटवर! जन्म भट्टीसमोर काढलेला माणूस गेटवर बसून आल्यागेल्याला सलाम ठोकणार? मी म्हटलं, "गेट तुमच्यापाशीच ठेवा. हे भट्टीवर येतील."

हे खिडकीबाहेरच बघत होते. बोलण्यासारखं होतंच काय त्यात.

मंगळवार

यांना घेऊन बाईंकडे गेले. पोरगी हुशार आहे, पण सावकाश बोलते. मला सावकाश बोलणारी माणसं झेपत नाहीत. खोली गारेगार, पंखे चालू. हे चालायच्या पट्ट्यावर चालतात, बाई मध्येच थांबवते, कानात यंत्र घालून ताप बघते, पाणी पाजते. तान्ह्या बाळाचं करावं तसं.

मी म्हटलं, "बाई, यांना भट्टीसमोर जायचंय, बागेत नाही. इथं गारव्यात चालून गरमीची सवय कशी लागणार?"

म्हणाली, "गरमीतही घेऊ ना, ताई. पण इथं, माझ्यासमोर, थोडं थोडं. घरी गरम खोलीत अजिबात नको. का ते सांगते, दोन मिनिटं बसा."

दोन मिनिटं कुठली? माझ्या इस्त्रीच्या दुकानात हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलेला, दुपारी माणूस न्यायला येणार. मी म्हटलं, "यांना सांगा, हे मला सांगतील." आणि निघाले.

संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

तर म्हणाले, "बाई म्हणाल्या, माझा घाम आता नळाला येणार."

यांचं हे असंच. सगळं जळालं, थट्टा काही जळली नाही. मी म्हटलं, "बरं झालं, टाकी भरून ठेवू." दोघंही हसलो. फार दिवसांनी.

गुरुवार

ठरवलं. बाईंचं बाईंपाशी. माझी इस्त्रीची खोलीच बरी.

खोली घराला लागूनच आहे. वर पत्रा. दोन टेबलं, तीन इस्त्र्या, खिडकी एकच आणि तीही गल्लीकडे. दुपारी तिथं उभं राहिलं की भट्टीची धाकटी बहीण वाटते. मला सवय आहे.

सवयीचंच तर आहे सगळं. माझे वडीलही त्याच भट्टीवर होते, मला कोणी शिकवायला नको. रजेवरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तोंडाशी उभं करत नाहीत. आधी लांब, मग जवळ, मग आणखी जवळ. आणि पाळी सुटताना मुकादम दाराशी थांबतो. एकेकाच्या पाठीवर पंजा ठेवतो. पंजा ओला झाला की जा घरी. कोरडा राहिला की सगळ्यांदेखत ओरडतो, "कोरडी पाठ!" भट्टीवर याच्यावर शिवी नाही. आईवरून दिलेली शिवी माणूस गिळतो, ही गिळत नाही. वडील घरी आले की आई आधी त्यांच्या पाठीकडे बघायची, मग ताट वाढायची.

तोंडाचा घाम कोणी धरत नाही. तोंडाला काय, तिखट खाल्लं तरी सुटतो. घाम पाठीचा.

शुक्रवार

सुरुवात केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं, काखेत चादरींचा गठ्ठा घेऊन. मी इस्त्री करत होते, म्हणजे लक्षही राहतं. अंगात ती दवाखान्याची घट्ट बंडी, वण दाबून ठेवणारी, वरून सदरा. तोंडावरून धारा लागल्या. पाय तर असे भिजले की फरशीवर पावलं उठली. मी म्हटलं वा. मागे जाऊन सदऱ्यावरून पंजा ठेवला. ठणठणीत कोरडा.

"कोरडी पाठ," मी म्हटलं. गमतीनंच.

ते हसले नाहीत. पुन्हा चालायला लागले.

शनिवार

नणंद सकाळी आली. ती समोरच राहते, रोज येऊन यांच्या पाठीला तेल चोळून जाते. वणांना तेल लागतं, नाहीतर कातडी आखडते. ते तिच्याकडेच आहे पहिल्यापासून. मला वेळ नसतो.

जाताना इस्त्रीच्या खोलीत डोकावली. हे चालत होते. म्हणाली, "वहिनी, दादाला वाळत घातलंय की भाजायला ठेवलंय?"

"तुमच्या दादाला उभं करतेय."

"त्याचं तोंड बघ, लालबुंद झालंय."

"भट्टीवरचं तोंड लालच असतं. तुमच्या नवऱ्यासारखं गादीवर बसून पांढरं पडत नाही."

गेली फणकाऱ्यानं. जाऊ दे. लागलं तर लागलं. पण "बघ" म्हणाली ते डोक्यात राहिलं. मी काय बघत नाही? दिवसभर तेच बघतेय, पाठ भिजली का नाही.

मंगळवार

यांची एक खोड लक्षात आली. ओल्या कापडावर इस्त्री टेकली की चर्र वाजतं ना, तेवढ्यात हे गठ्ठा टाकून बाहेर जातात. हात धुवायला म्हणे. स्वयंपाकघरातही येत नाहीत, चहा थंड करून बाहेर मागतात. एवढे हात धुण्यासारखे मळतात कुठे?

काम टाळायच्या शंभर तऱ्हा असतात पुरुषांच्या.

बुधवार

आज भिजली!! पंजा ठेवला तर पाणीच पाणी. सदरा पिळून घ्यावा असा. मी एवढी खूश की कामाच्या मध्येच खुर्ची दिली, लिंबूपाणी दिलं. म्हटलं, "बघा, होतंय की नाही?" ते म्हणाले, "होतंय." चेहराही बरा दिसला, लाली उतरलेली.

संध्याकाळी वाट वाकडी करून मुकादमाच्या घरी गेले. सांगितलं, पाठ भिजते आता. तो म्हणाला, "वहिनी, डॉक्टरचा कागद लागेल हो." कागद कसला, पंजा ठेवून बघ म्हटलं.

शनिवार

रोज भिजतेय. बाईंकडे या आठवड्यात नेलं नाही. कशाला? आणि तिनं विचारलं तर कागदावर "चालले" लिहिलंयच. खोटं नाही ते.

सोमवार

एक इस्त्री बिघडली. तिच्या दुरुस्तीत दिवस फुकट.

मंगळवार

काम तसंच टाकून लिहायला बसले.

दुपारी हे हात धुवायला म्हणून बाहेर गेले. मला बाटली हवी होती, कापडावर पाणी मारायची, दट्ट्या दाबला की फवारा उडतो ती. टेबलावर नाही. मागच्या दारी गेले, तर हे भिंतीकडे तोंड करून उभे. बाटली त्या वाकड्या बोटांत कशीबशी धरून खांद्यावरून मागे, स्वतःच्या पाठीवर फुसफुस पाणी उडवतायत. चोरासारखे.

"हे काय?"

दचकले. मग म्हणाले, "घाम."

"मला फसवता? एवढे दिवस? मी मुकादमाच्या दारात जाऊन सांगून आले!"

"अगं, बाईंनीच सांगितलंय..."

"बाईंचं नाव घेऊ नका. बाईंनी चोरी करायला शिकवलं? भट्टीसमोर बाटली घेऊन उभे राहणार आहात?"

"ऐक तर. तिथं गरम होतं फार. आत उकळल्यासारखं होतं, बाहेर निघत नाही."

"गरम होण्यासाठीच चालायचं असतं!"

बाटली हिसकावली. ओढताना बोटांना लागलं असेल, ओठ दाबले त्यांनी. बाटली दुकानाच्या कपाटात ठेवली, किल्ली कमरेला. कापडावर मी हातानंच पाणी शिंपडलं, पूर्वी शिंपडायचे तसं.

मला रडू येत होतं आणि राग. दोन्ही एकाच वेळी आलं की काय करावं कळत नाही.

बुधवार

खरं लिहायचं तर कधी कधी वाटतं, हे घरी आलेच नाहीत. दुसराच कोणी आलाय आणि यांच्या खुर्चीत बसलाय. पूर्वी कारखान्यातून यायचे ते दारातच ओरडायचे, "राणीसरकार, पाणी!" सगळी गल्ली ऐकायची. मला लाज वाटायची, आणि आवडायचंही. भट्टीवर गेले की तेच परत येतील, एवढंच माझं म्हणणं. याला दुष्टपणा म्हणतात का? नणंद म्हणते. तोंडानं नाही, डोळ्यांनी.

आज चालले. पाठ कोरडी. मी म्हटलं, भिजेपर्यंत थांबायचं नाही. थांबले नाहीत.

गुरुवार

डोकं दुखतं म्हणाले. दुपारचं जेवण उलटलं. पित्त असणार. मी म्हटलं आज राहू दे हवं तर. ते म्हणाले, "नको. चालतो." बघा, मनावर घेतलं की होतं.

रविवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. कापडाच्या पिशवीत वही होती. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

परवा, शुक्रवारी. ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. हॉटेलच्या चादरी द्यायच्या होत्या, तिन्ही इस्त्र्या लावलेल्या. हे चालत होते. मध्ये एकदा मागे जाऊन पंजा ठेवला, कोरडी. तोंडावरचा घामही कमी झालेला. मला वाटलं, चला, सवय लागतेय. ताण कमी पडतोय अंगाला.

मग हे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करा. पाळी सुटली." मला "करा" म्हणाले. मी हसले. म्हटलं, "अहो मुकादम, अजून वेळ आहे." मग ते गठ्ठा घेऊन गेले आणि पाण्याच्या बादलीत ठेवला, इस्त्री केलेल्या चादरी, नीट, घडी सांभाळून. मी ओरडले, "थट्टेलाही काही सुमार आहे!" ते माझ्याकडे बघत होते, पण मी कोण ते त्यांना उमगत नव्हतं. हे मला आता कळतंय. तेव्हा वाटलं, सोंग.

दाराशी गेले, वाकडे वाकडे, आणि पडले.

मी हात लावला आणि मागे घेतला. इतकी वर्षं इस्त्रीचा चटका बोटानं ओळखते मी. तसं होतं अंग. आणि पाठ कोरडी.

ओरडले तशी नणंद धावत आली. तिनं बादली उचलली आणि चादरींसकट सगळी यांच्या अंगावर ओतली. मी उभीच.

इथं आणल्यावर बंडी कात्रीनं कापली. ओल्या चादरी, बर्फ, पंखे. डॉक्टरांनी विचारलं, "लावलेली कातडी किती भागावर आहे? पाठीवर कुठून कुठपर्यंत?" मला विचारलं, बायको म्हणून. मी नणंदेकडे बघितलं. नणंदेनं सांगितलं. मानेपासून कमरेपर्यंत, डाव्या कुशीला बोटभर सोडून, दंड मागून पूर्ण. बोटानं स्वतःच्या अंगावर दाखवत होती, नकाशा काढावा तशी.

सोमवार

अजून डोळे उघडत नाहीत. सुईवाटे पाणी चढतंय, लघवी काळपट होतेय. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडाला ताण बसलाय.

व्यायामाच्या बाई आल्या. या वेळी मी बसले. तिनं तेच, तितकंच सावकाश सांगितलं. खोल भाजलं की कातडीतली घामाची मुळंच जळतात. लावलेल्या कातडीत ती पुन्हा येत नाहीत. कितीही चालवा, ती पाठ कधीच भिजणार नाही. आतली गरमी आतच राहते, आणि वरून ती घट्ट बंडी. म्हणून बाहेरून ओलं करायचं, वारा घ्यायचा, सावलीत चालायचं. "मीच म्हटलं होतं त्यांना, फवारा जवळ ठेवा, पाठ ओली ठेवा. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिनं मला एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर भांडता तरी आलं असतं.

गुरुवार

डोळे उघडले. नणंदेला ओळखलं. मला बघून बराच वेळ गेला, मग म्हणाले, "पाणी." जीभ जड, पेंगल्यासारखी. मी पाजलं. अर्धं सांडलं, त्यांच्या हातून आणि माझ्याही.

रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. परवा घरी आणलं. मूत्रपिंड सावरलं. चालतात, पण भिंत धरून, प्यायल्यासारखे. पेला तोंडाशी नेताना हात भलतीकडे जातो. बोलताना शब्द एकेक करून येतात. डॉक्टर म्हणाले, गरमी डोक्यात चढली, तोल सांभाळतं ते जळालं. थोडं सुधारेल. सगळं नाही.

भट्टी पेटली. मुकादम येऊन गेला. यांच्या जागी दुसरा उभा राहिला. गेटचं मी विचारलं. विचारताना मान खाली गेली, पण विचारलं. तो यांच्याकडे बघत राहिला, यांचा पेला हलत होता. म्हणाला, "बघू, वहिनी." त्याचं बघू म्हणजे काय ते मला कळतं.

तो गेल्यावर मी यांच्याशी भांडले. आजारी माणसाशी. असं कोणी करत नाही, पण मी केलं. म्हटलं, "मला नीट सांगायचं होतं, बाई काय म्हणाल्या ते."

"सांगितलं... होतं."

"थट्टेत सांगितलंत!"

"तू... तेवढंच... ऐकतेस."

"मग नाही म्हणायचं होतं. खाली बसायचं होतं. मी काय चाबूक घेऊन उभी होते? त्या दिवशी मी राहू दे म्हटलं, तर तुम्हीच चालतो म्हणालात. तुम्हाला भट्टीवर जायचं तरी होतं का?"

मान हलवली. नाही. मग किती तरी वेळ तोंडातल्या तोंडात शब्द गोळा करत राहिले. मी थांबले. आता थांबावंच लागतं.

"चाललो... की तू... बघायचीस. माझ्याकडे. एरवी... नाही."

"काहीतरीच," मी म्हटलं. आणि चूल बघायला म्हणून उठून आत गेले. चुलीवर काही नव्हतं.

मंगळवार

नणंद सकाळी तेलाची वाटी टेबलावर ठेवून गेली. "आज मला काम आहे," म्हणाली. काम काही नव्हतं. समोरच्या दारात उभी होती ती, मला दिसत होती.

सदरा मी काढला. बटणं मीच लावते रोज, पण डोळे दुसरीकडे असतात. आज नाही ठेवले दुसरीकडे.

जाळीचं कापड ओल्या मातीत दाबून काढावं तशी सगळी पाठ चौकड्याचौकड्यांची. कुठे तांबडी, कुठे पांढरी, चकाकणारी. एक केस नाही, एक तीळ नाही. खांद्याच्या पात्यावर मोठा तीळ होता, तो गेला. कडेनं दोरासारखे जाड वळ. डाव्या कुशीला बोटभर पट्टी जुनी, यांची, तशीच. तिथं हात ठेवला तर ओलसर लागला. तेवढ्याच जागेला घाम होता.

तेल लावलं. हळू लावायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, हातालाच कळलं.

"कशी... आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे म्हणतात छान भरलीय. नणंद म्हणते, डॉक्टर म्हणतात, मुकादमही म्हणाला न बघता. मी म्हटलं, "वाईट आहे."

"फार?"

"फार."

खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत, पाठीमागून कळेना. म्हणून वाटी ठेवली, उठले आणि समोर जाऊन बसले.